कचऱ्याचे बिल कशावर निघते?

महाराष्ट्रात कुठल्याही शहरात कचऱ्याचा ठेका निघाला की वर्तमानपत्रांत दोन गोष्टींची चर्चा होते: ठेका किती कोटींचा आणि तो कोणाच्या माणसाला गेला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ठेकेदाराचे बिल कशावर निघणार, हा तिसरा प्रश्न बातमीत फारसा येत नाही. वजनावर, घरांच्या संख्येवर, गाडीच्या फेऱ्यांवर, की दरमहा ठरावीक रकमेवर? आपल्या घरातली पाण्याची रिकामी बाटली कारखान्यात पोचणार की डेपोच्या ढिगात गाडली जाणार, हे बहुतांशी या एका कलमावर ठरते. रहिवाशांची शिस्त, जनजागृतीचे फलक, भिंतींवर रंगवलेली चित्रे यांचा नंबर नंतर लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती पुरेशी स्पष्ट आहे. कचरा गोळा करणे हे पालिकांचे बंधनकारक कर्तव्य पूर्वीपासूनच होते. अल्मित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तिच्यातून 2000 सालचे घनकचरा नियम आले आणि घरोघरी संकलन, वर्गीकरण हे शब्द पालिकांच्या फायलींत शिरले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले. कचरावेचकांच्या संघटनांना ओळख देऊन त्यांना यंत्रणेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, आणि घरटी शुल्क घेण्याचा रस्ताही मोकळा केला. 2026 च्या नव्या नियमांत चार भाग झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. थोडक्यात, काय करायचे हे कागदावर गेली पंचवीस वर्षे लिहिलेले आहे. ते करणाऱ्याला पैसे कसे द्यायचे, हे मात्र प्रत्येक पालिकेने आपापल्या निविदेत ठरवायचे असते, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

सर्वांत रुळलेली पद्धत वजनाची. गाडी भरून येते, काट्यावर चढते, पावती निघते. त्या पावतीवर गाडीचा नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन आणि वेळ एवढेच असते. गाडीत काय होते याचा रकाना सहसा नसतो. महिनाअखेरीस या पावत्यांची बेरीज होते आणि तीच बिलाला लागते. आता हिशेब करून बघू. समजा, दर टनाला दीड हजार रुपये ठरला आहे. सोसायटीच्या दारात कचरावेचक बाईने शंभर किलो रद्दी-पुठ्ठा आधीच वेगळा काढून नेला, तर ठेकेदाराचे दीडशे रुपये गेले. बंगल्याच्या आवारात कोणी ओल्या कचऱ्याचे खत केले, तर तेही गेले. पावसाळ्यात भिजलेला कचरा मात्र त्याच्या फायद्याचा, कारण पाण्यालाही वजन असते. दगडमातीला तर फारच. मुंबईत 2017 साली कचऱ्याच्या गाड्यांत डेब्रिज मिसळून वजन वाढवल्याचे प्रकरण बाहेर आले आणि महापालिकेला ठेकेदारांविरुद्ध पोलिसांत जावे लागले. लोकांनी त्याला घोटाळा म्हटले, तो होताच. पण ज्या ठेक्यात जड गाडीला जास्त पैसे मिळतात तिथे गाड्या जड होणारच. त्यासाठी ठेकेदार फार लबाड असायचीही गरज नसते.

या पद्धतीतली खरी मेख अशी की पालिका एका हाताने वर्गीकरणाची मोहीम चालवते आणि दुसऱ्या हाताने वर्गीकरण न करणाऱ्याला पैसे देते. घरात बाईमाणसांनी दोन डबे ठेवायचे, आणि खाली गाडीवाल्याने दोन्ही एकाच हौद्यात रिकामे करायचे. हे पाहून जो रहिवासी एकदा वैतागतो तो पुन्हा दोन डबे ठेवत नाही.

वजनाला पर्याय म्हणून घरटी दर किंवा फेऱ्यांवर दर लावला जातो. फेऱ्यांच्या ठेक्यात अर्धी रिकामी गाडीही एक फेरी धरली जाते. घरटी दरात नेमका उलटा मोह: जितकी घरे गाळता येतील तितका नफा. म्हणून मग दारांवर क्यूआर कोडच्या पाट्या आल्या, गाड्यांना जीपीएस आले, नियंत्रण कक्षात मोठे पडदे आले. कोड स्कॅन झाला म्हणजे कचरा उचलला गेला असे नाही, आणि उचलला गेला म्हणजे वेगळा राहिला असे तर मुळीच नाही. निविदेतल्या दंडाच्या तक्त्यात गणवेश नाही तर इतका, गाडी झाकली नाही तर इतका, अशा ओळी सापडतात. गोळा झालेला सुका कचरा शेवटी कोणत्या कारखान्यात गेला, याचा पुरावा दिला नाही तर किती दंड, ही ओळ शोधावी लागते.

इथे आपल्याकडचे एक वैशिष्ट्य नीट लक्षात घेतले पाहिजे. युरोपातल्या बहुतेक नगरपालिकांना पुनर्वापराची सेवा नव्याने विकत घ्यावी लागली. आपल्याकडे ती पालिकेच्या आधीपासून, पालिकेच्या पैशाशिवाय चालू होती. कचरावेचक, भंगारवाला, घाऊक व्यापारी, धारावीतल्या तेरा कंपाउंडसारख्या वस्त्यांतले दळणारे-वितळवणारे कारखाने अशी ती साखळी. पालिकेने ठेका काढला की ही साखळी मध्येच तुटते, कारण ठेक्याच्या दिवसापासून कचरा ठेकेदाराच्या ताब्यात जातो आणि कालपर्यंत जी बाई तो वेचत होती ती चोर ठरते.

पुण्यात हे ओळखले गेले. 1993 साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी तिची घडण केली. पंचायतीने पहिल्यापासून धरलेला मुद्दा साधा होता: आम्ही कचरा उचलतो म्हणून पालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, तेव्हा आम्ही दयेचे नाही तर हिशेबाचे धनी आहोत. त्यातून ओळखपत्रे मिळाली, विमा मिळाला, आणि पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन होऊन 2008 साली पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. करारात वजनाचा प्रश्नच नव्हता. रहिवाशांनी दरमहा शुल्क थेट कचरावेचकाला द्यायचे, सुका माल विकून येणारे पैसेही तिचेच, ओला आणि निरुपयोगी कचरा तिने फीडर पॉइंटवर पालिकेच्या गाडीत द्यायचा. पालिकेने ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे आणि देखरेखीचा खर्च द्यायचा. दुसरा करार 2016 साली झाला. आज संस्थेत साडेतीन हजारांहून अधिक सभासद आहेत, त्यात बहुसंख्य बायका.

या पद्धतीत एका सुक्या पिशवीचे काय होते ते शेडमध्ये बघण्यासारखे असते. पिशवी जमिनीवर पालथी होते. पाण्याच्या बाटल्या, ज्यांना कंपनी कुठलीही असो सगळे बिसलरीच म्हणतात, एका बाजूला जातात. बुचे निराळी, कारण त्यांचे प्लास्टिक वेगळे आणि भावही वेगळा. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असतील तर एका ढिगात, आंबलेल्या असतील तर तोंड वाकडे करून दुसऱ्यात. पुठ्ठा सपाट करून, पत्रा आणि काच वेगळी. कडक प्लास्टिक हातात घेऊन दाबले की कुठले ते बोटांना कळते, कधी टिचकी मारून आवाज ऐकला जातो. शेवटी उरतात वेफर-बिस्किटांची चकचकीत वेष्टने. एका वेष्टनात तीन-चार थर चिकटलेले, त्यामुळे त्याला भाव नाही आणि कोणी घेत नाही. आणि उरतात कागदात गुंडाळलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर, ज्यांच्यावर लाल ठिपका काढून द्या असे पुण्यात या बायका वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत, म्हणजे उघडून बघायची वेळ येणार नाही. असे वर्गीकरण यंत्राने करायला कोट्यवधींचा प्रकल्प लागतो. इथे ते होते, कारण वेगळ्या झालेल्या प्रत्येक ढिगाचे पैसे वेगळे करणाऱ्या हातालाच मिळतात.

पुणे पद्धतीचे गुणगान मराठीत आणि इंग्रजीत बरेच झाले आहे, म्हणून तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली, ही पालिकेला इतकी स्वस्त पडते याचे एक कारण असे की बाजाराची सगळी जोखीम सर्वांत गरीब माणसाच्या डोक्यावर आहे. पुठ्ठ्याचा भाव पडला की ठेकेदाराचे बिल बदलत नाही, कचरावेचकाचा महिना मात्र बदलतो. टाळेबंदीत हे ठळक दिसले. दुसरी, शुल्क मागत दारोदार फिरणे हे कामाइतकेच जिकिरीचे असते. मोटारीचा हप्ता न चुकवणारे गृहस्थ कचऱ्याच्या दरमहा रकमेसाठी 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणतात. तिसरी, करार संपला की काय होते? 2020 अखेर पुण्यातला दुसरा करार संपला आणि पुढे तुकड्या-तुकड्यांच्या मुदतवाढीचे दिवस आले. खासगी ठेकेदार आणण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कचरावेचकांच्या बाजूने रहिवासी उभे राहिले. तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर कोणतीही संस्था शेड बांधत नाही, माणसे शिकवत नाही. मुदतवाढीचा हा रोग पुण्यापुरता नाही. जुना ठेका संपेपर्यंत नवी निविदा तयारच होत नाही, मग जुन्यालाच वाढ, असे अनेक शहरांत चालते आणि त्यात दोन्ही बाजूंची सोय असते.

मुंबईने दुसरा धडा दिला, आणि तो कामगारांच्या बाजूचा आहे. नव्वदीनंतर तिथे 'हैदराबाद पॅटर्न' आला. कचरा उचलण्याची कामे लहान लहान संस्थांना वाटून द्यायची, प्रत्येकीकडे वीसहून कमी माणसे ठेवायची, म्हणजे 1970 चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत नाही. कामगाराला कामगार म्हणायचे नाही, 'स्वयंसेवक' म्हणायचे, पगाराला 'मानधन' म्हणायचे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने यावर दीर्घ न्यायालयीन लढाई लढली आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. लहान संस्थांना काम देणे चांगले, असे म्हणताना हे विसरून चालत नाही. सभासदांची खरी सहकारी संस्था आणि कायदा चुकवायला काढलेली कागदी संस्था या दोन्हींना निविदेत 'बिगरशासकीय संस्था' असेच म्हटले जाते. फरक नोंदणीपत्रावर कळत नाही. निर्णय कोण घेते आणि विक्रीचे पैसे कोणाच्या हातात जातात, तिथे तो कळतो. मुंबईतच स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांच्या गटांना सोसायट्यांची आणि सुक्या कचऱ्याची कामे मिळवून दिली, तेही याच शहरात आणि याच काळात.

मोठी शहरे सोडून जरा कोकणात उतरू. वेंगुर्ले ही सुमारे बारा हजार वस्तीची नगरपरिषद. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना, 2015 च्या सुमारास, पालिकेने मोठी निविदा काढण्याऐवजी आपलीच माणसे कामाला लावली. घरातून वेगळा केलेलाच कचरा घ्यायचा, मिसळलेला परत द्यायचा, आणि डेपोवर त्याचे पुन्हा वीसहून अधिक प्रकार करायचे. न विकले जाणारे प्लास्टिक भुगा करून डांबरी रस्त्यांत वापरले. डेपोच्या जागी बाग झाली आणि लोक ती बघायला येऊ लागले. पणजीनेही कचराकुंड्या हटवून सोळा प्रकारांपर्यंत वर्गीकरणाची केंद्रे उभी केली. या दोन्ही उदाहरणांवर हमखास आक्षेप येतो की लहान गावात हे जमते, मोठ्या शहरात नाही. मला तो अर्धाच पटतो. मोठे शहर म्हणजे शेवटी शंभर वेंगुर्ल्यांएवढी वस्ती, आणि प्रभागवार काम वाटायला कोणी अडवलेले नाही. आक्षेपाची खरी बाजू वेगळी आहे: अशा जागी सगळे एका अधिकाऱ्यावर उभे असते आणि बदलीचा आदेश एका पानाचा असतो. बहुतेक लहान नगरपालिका मात्र वेंगुर्ल्याच्या वाटेने गेल्या नाहीत. सल्लागाराने केलेला प्रकल्प अहवाल, अनुदानातून घेतलेले गठ्ठे बांधायचे यंत्र, वीज जोडणीची वाट बघत ताडपत्रीखाली झाकलेले, आणि संकलन मात्र टनावरच.

इंदूरचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, म्हणून घेतो. तिथल्या यशाचा मोठा भाग असा की महापालिकेने अपयशी ठरलेला खासगी ठेका बाजूला करून संकलन स्वतःच्या गाड्या आणि माणसांवर आणले, तर प्रक्रियेच्या प्रकल्पांत खासगी भागीदार घेतले. संकलन स्वतःकडे आणि प्रक्रिया बाहेर, ही विभागणी डोळसपणे केलेली होती. आपल्याकडे इंदूरला अभ्यासदौरे पुष्कळ झाले, उचलली गेली ती बहुधा गाडीवरची गाणी.

परदेशांतले तीन अनुभव या प्रश्नाला थेट भिडतात. इंग्लंडमध्ये थॅचर सरकारने 1988 च्या कायद्याने नगरपालिकांना कचरा संकलनासाठी स्पर्धात्मक निविदा सक्तीची केली. खर्च उतरला, पण बराचसा कामगारांच्या पगारातून, आणि नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला ती सक्ती उठवून किमतीबरोबर दर्जाही मोजा असे सांगावे लागले. 2003 च्या कायद्याने प्रत्येक घरातून किमान दोन प्रकारचा पुनर्वापराचा माल वेगळा उचलणे बंधनकारक केले. तिथले ठेके साधारण सात-आठ वर्षांचे असतात, कारण कचऱ्याची गाडी तेवढीच टिकते. सगळा सुका माल एका डब्यात की प्रत्येकाला वेगळा डबा, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला. 2018 पासून चीनने बाहेरचा मळका माल घेणे बंद केले तेव्हा एका डब्यातल्या मिसळलेल्या कागदाला कोणी विचारीना. इंग्लंडचे पुनर्वापराचे प्रमाण दहा वर्षे 44 टक्क्यांच्या आसपास अडकून पडले आहे.

ब्राझीलने 2007 साली कायद्यातच तरतूद केली की कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना नगरपालिका निविदेशिवाय काम देऊ शकते. यातला विचार आपल्या लेखापरीक्षकांना पचायला जड जाईल, पण तो सरळ आहे: ज्यांच्याकडे उलाढालीचा दाखला, बयाणा रक्कम आणि बँक हमी असूच शकत नाही, त्यांना तीच अट घालून स्पर्धेत उतरवणे ही स्पर्धा नव्हे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात तर कचरावेचक घटनात्मक न्यायालयात गेले आणि 2003 पासून एकामागून एक निकाल जिंकले. 2013 पासून तिथे कचरावेचकाला, त्याने पुनर्वापराला लावलेल्या मालाच्या वजनावर, शहराच्या कचरा शुल्कातून पैसे मिळू लागले. विक्रीचा भाव वेगळा, हे सेवेचे पैसे वेगळे. म्हणजे तिथेही बिल वजनावरच निघते, फक्त काटा डेपोच्या दारात नसून भंगाराच्या गोदामात आहे. या आढाव्यातली सर्वांत कामाची गोष्ट मला हीच वाटते, आणि पुण्याच्या पहिल्या उणिवेवरचा इलाजही.

पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न लगेच येईल. 2022 पासून वेष्टन-प्लास्टिकच्या उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आहे. त्यांनी बाजारात जितके प्लास्टिक आणले तितके पुनर्वापराला गेल्याची प्रमाणपत्रे त्यांना घ्यावी लागतात. हा पैसा खरा आहे. पण तो प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याशी देवाणघेवाण करून संपतो, दारातून माल उचलणारीपर्यंत झिरपत नाही. शिवाय 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले. पालिकांच्या ठेक्यात सुक्या मालाची किलोवार, पावतीनिशी नोंद असती, तर कारखान्याने दाखवलेला माल आला कुठून हे ताडून बघता आले असते. चकचकीत वेष्टनांसारख्या भाव नसलेल्या मालाला या पैशातून किलोमागे काही रुपये दिले, तर तोही ढिगात जाणार नाही.

घरटी शुल्क हा दुसरा मार्ग, आणि राजकीयदृष्ट्या निसरडा. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये मसुदा उपविधीत घराच्या आकारानुसार महिना शंभर रुपयांपासून शुल्क सुचवताच ओरड झाली आणि प्रस्ताव मागे पडला. लोकांचा विरोध निव्वळ कद्रूपणाचा होता असे मी म्हणणार नाही. ज्या सेवेत वेगळा दिलेला कचरा डोळ्यांदेखत एकत्र होतो, तिच्यासाठी जास्तीचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न गैर नाही. शुल्क आधी की सेवा आधी, यात सेवा आधीच आली पाहिजे.

तेव्हा निविदेत काय बदलायला हवे, याबाबत माझे मत झालेले आहे. मिश्र कचऱ्याच्या टनामागचा दर बंद करावा किंवा इतका कमी ठेवावा की त्यात कोणाला रस उरू नये. सुका कचरा खरेदीदाराच्या पावतीवर मोजून त्याला वेगळा दर द्यावा. सुक्या मालावरचा हक्क कचरावेचकांचा, हे करारात शब्दांत लिहावे. प्रभागवार लहान ठेके काढावेत आणि सहकारी संस्थांना उलाढालीच्या अटीतून वगळावे, पण सभासदांची यादी आणि त्यांच्या खात्यात जमा झालेल्या पैशांचा दाखला दर तिमाहीला मागावा. नवी निविदा जुना ठेका संपण्याच्या वर्षभर आधी निघावी. यांत्रिक झाडू आणि नियंत्रण कक्षाचे पडदे नंतर घेता येतील.

महाराष्ट्रातल्या महापालिकांत बरीच वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिल्यानंतर जानेवारी 2026 मध्ये निवडणुका झाल्या आणि निवडून आलेली सभागृहे पुन्हा बसली. तुमच्या प्रभागाचा कचरा ठेका कधी संपतो, हे तुमच्या नगरसेवकाला विचारा. ठेक्याची प्रत संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. प्रत हातात आली की बाकी काही वाचले नाही तरी चालेल, 'देयकाची पद्धत' हे कलम तेवढे वाचा आणि त्यात टन हा शब्द कशाला जोडला आहे ते बघा.